सांध्यातला दोष

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मी पुण्यात बरीच वर्षं काढली. त्यातला एक काळ असा होता, की घरात टीव्ही एकच असायचा आणि नव्यानं आलेल्या कॉम्प्युटरला ट्यूनर कार्ड बसवून दुसऱ्या टीव्हीची सोय करावी, असं अनेकांना वाटायचं. सुरुवातीला केबलवाल्याची वायर सरळ कार्डात खोचली जायची. मग डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शननं ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही मोफत उपग्रह सेवा सुरू केली. तीच पुढं ‘डीडी फ्री डिश’ झाली. खासगी डीटीएच कंपन्यांचं प्रक्षेपण त्यांच्या बॉक्सशिवाय उघडत नसे, दूरदर्शनचं मात्र सगळ्यांना खुलं होतं. त्यामुळे हौशी मंडळींनी गच्चीवर छत्री लावली, तिची वायर खिडकीतून आत घेतली, कॉम्प्युटरच्या पीसीआय खाचेत उपग्रहाचा सिग्नल घेणारं डीव्हीबी-एस कार्ड बसवलं आणि सह्याद्री वाहिनी मॉनिटरवर बघायला सुरुवात केली.

चित्र यायचं आणि आठवड्याभरात फोनही यायचा. “अहो, एकदा येऊन बघा ना, चित्र सारखं लुकलुकतंय.” कुणी म्हणायचं हलतंय, कुणी थरथरतंय, कुणी उडतंय. घरी गेलं की कळायचं, माझ्याआधी तिघं येऊन गेलेत. छत्रीवाल्यानं मीटर लावून सिग्नल उत्तम असल्याचं दाखवलेलं असायचं. कार्ड विकणाऱ्यानं तेच कार्ड दुकानातल्या मशीनवर लावून चित्र स्वच्छ असल्याची खात्री करून दिलेली असायची. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यानं त्यावर डीव्हीडी चालवून सिनेमा गुळगुळीत चालतो, हे सिद्ध केलेलं असायचं. तिघंही खरं बोलत असत. आणि तरी चित्र लुकलुकतच असे.

या कामानं मला जे शिकवलं ते एवढंच, की असा दोष कुठल्याही एका वस्तूत क्वचित सापडतो. तो दोन वस्तू जिथं जोडल्या जातात त्या सांध्यात असतो. वस्तू तपासणारा माणूस दहा वेळा आला तरी त्याला तो सापडत नाही, कारण त्याची वस्तू खरोखरच चांगली असते. सांधा तपासायचा तर आधी नुसतं बघावं लागतं. कॅबिनेटचा स्क्रू सोडवण्याआधी, कुठलीही सेटिंग बदलण्याआधी, खुर्ची ओढून बसायचं आणि चित्राला नेमकं काय होतंय ते डोळ्यांनी नीट पाहायचं.

माझा पहिला प्रश्न ठरलेला होता. टीव्हीचा प्रोग्रॅम बंद करा. आता नुसत्या डेस्कटॉपवर लुकलुक दिसते का? दिसत असेल तर टीव्हीचा त्यात काहीच संबंध नाही. त्या काळी बहुतेक घरांत काचेच्या नळीचे जड सीआरटी मॉनिटर होते. त्यांत पडद्याच्या आतल्या बाजूचा फॉस्फरचा थर इलेक्ट्रॉनच्या झोतानं क्षणभर उजळतो आणि लगेच विझतो, म्हणून तो सेकंदाला ठरावीक वेळा पुन्हापुन्हा उजळावा लागतो. विंडोज नव्यानं टाकली किंवा ग्राफिक्स कार्डाचा मूळ ड्रायव्हर बसला नाही, की हा वेग ६० हर्ट्झवर येऊन थांबायचा. साठ वेळा उजळणारा मोठा पांढरा पडदा पुष्कळांच्या डोळ्यांना जाणवतो आणि संध्याकाळी डोकं दुखतं. तपासायची युक्ती सोपी होती. मॉनिटरकडं सरळ न बघता त्याच्या शेजारच्या भिंतीकडं बघायचं. आपल्या नजरेची कड मध्यापेक्षा लुकलुक लवकर टिपते. शेजारी बघताना पडदा थरथरताना दिसला, की रिफ्रेश रेट ८५वर न्यायचा. काम संपलं.

एलसीडी मॉनिटर आले तसा हा प्रकार कमी झाला, कारण त्यांच्या मागचा दिवा सतत पेटलेला असतो. पण पुढं एलईडी दिव्यांचे मॉनिटर आले आणि त्यातले काही उजेड कमी करण्यासाठी दिवा प्रत्यक्षात मंद करत नाहीत, तर झपाट्यानं चालू-बंद करतात. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून माणूस ब्राइटनेस उतरवतो आणि नेमका त्यानंच डोळ्यांना त्रास वाढतो. इथं बोटं उपयोगी पडतात. पांढऱ्या पडद्यासमोर हाताची बोटं पसरून झपझप हलवायची. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा स्थिर आहे. एकाच बोटाच्या अनेक सुट्या प्रतिमा दिसल्या, तर दिवा चालू-बंद होतोय. ब्राइटनेस वर चढवून खोलीतला उजेड वाढवला, की बहुतेकांना आराम पडतो.

डेस्कटॉप स्थिर आणि फक्त टीव्हीचंच चित्र बिघडलेलं असेल, तर माझी दुसरी चाचणी असे रेकॉर्डिंगची. ट्यूनरच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायची सोय असते. चित्र बिघडत असतानाच चार-पाच मिनिटं रेकॉर्ड करायचं, मग ती फाइल लावायची आणि बिघाड जिथं दिसला होता तिथं पुन्हा बघायचं. उपग्रहाकडून आलेले आकडे कार्ड जसेच्या तसे डिस्कवर उतरवतं. बिघाड रेकॉर्डिंगमध्ये त्याच जागी, प्रत्येक वेळी तसाच दिसला, तर तो आकड्यांतच आहे. म्हणजे शोध छत्री, वायर, कार्ड, वीजपुरवठा या बाजूला घ्यायचा. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी दिसला किंवा दिसलाच नाही, तर आकडे शुद्ध आहेत आणि ते पडद्यावर मांडताना घोळ होतोय. या एका चाचणीनं अर्धं घर तपासायचं वाचतं. एका वाटेनं गच्चीवर जायचं असतं, दुसऱ्या वाटेनं खुर्चीतूनही उठायचं नसतं.

सहकारनगरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरची तक्रार या दुसऱ्या वाटेची होती. त्यांचे यजमान हॉलमध्ये क्रिकेट बघत आणि बाईंना आतल्या खोलीत सह्याद्रीच्या बातम्या हव्या असत. “निवेदिका स्थिर बसलेली असते तोवर ठीक,” त्या मला म्हणाल्या, “पण तिनं हात हलवला की हाताच्या कडा फाटतात. आणि खालची पट्टी वाचताच येत नाही.” एवढं नेमकं सांगणारा माणूस मिळाला की दुरुस्ती अर्धी झालेली असते. रेकॉर्डिंग घेतलं. चालू केलं तरी हलेल तिथं फाटतंय, म्हणजे दोष आकड्यांत असावा असं वाटलं, पण एका जागी थांबवून एकेक चौकट पुढं सरकवली तेव्हा खरं दिसलं. स्थिर भाग कोरल्यासारखा स्वच्छ होता. सरकणाऱ्या पट्टीतल्या प्रत्येक अक्षराच्या उभ्या कडेला मात्र बारीक आडवे दाते होते. एक ओळ पुढं, एक मागं, पुन्हा एक पुढं.

हे दाते कुठून येतात ते समजायला टीव्हीच्या जन्माकडं जावं लागतं. आपल्याकडचं टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं. त्यातल्या ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या, आणि अशी २५ चित्रं सेकंदाला. काचेच्या नळीवर सेकंदाला २५ वेळा उजळणारं चित्र असह्य लुकलुकलं असतं. म्हणून आधीच्या पिढीतल्या इंजिनिअरांनी प्रत्येक चित्राचे दोन भाग केले. आधी एक सोडून एक अशा २८८ ओळी, मग उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो, डोळा फसतो आणि प्रसारणाची जागा मात्र २५ चित्रांएवढीच लागते. पन्नासचा आकडा घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झशी मेळ ठेवून आलेला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हापासून आपण बघत आलेलं चित्र या पन्नास अर्ध्या चित्रांच्या चालीनं येत होतं. पुढं रंग आले, उपग्रह आला, सिग्नल डिजिटल झाला, तरी ही चाल तीच राहिली.

कॉम्प्युटरचा मॉनिटर या चालीचा नाही. तो सगळ्या ओळी एका दमात वरून खाली काढतो. दोन फील्ड त्यानं एकत्र विणून दाखवले, तर ज्या वस्तू त्या दरम्यान हलल्या त्या दोन ठिकाणी दिसतात, कारण एका फील्डचा क्षण दुसऱ्याच्या क्षणाहून एक पन्नासांश सेकंदानं वेगळा आहे. म्हणून स्थिर चेहरा स्वच्छ आणि सरकती पट्टी दातेरी. प्रसारण बरोबर, मॉनिटर बरोबर. दोघांमध्ये एक काम करणारा हवा आणि त्याचं नाव डीइंटरलेसिंग. बाईंच्या कॉम्प्युटरवरच्या ट्यूनर सॉफ्टवेअरमध्ये ती सोय बंद होती.

ती सुरू करतानाही डोळसपणा लागतो. सर्वांत सोपी पद्धत ‘बॉब’. प्रत्येक अर्ध्या चित्राला ताणून पूर्ण चित्र करायचं आणि सेकंदाला पन्नास दाखवायची. हालचाल अगदी सफाईदार दिसते. पण बाईंच्या घरी ती लावताच निवेदिकेच्या साडीचा बारीक आडवा काठ चमचमायला लागला. काठाची एक ओळ फक्त वरच्या फील्डमध्ये येते, खालच्यात येत नाही, म्हणून ती क्षणाला असते आणि क्षणाला नसते. वाहिनीच्या खुणेच्या आडव्या कडा, खुर्चीच्या पाठीची रेघ, सगळंच किंचित वरखाली उड्या मारतं. म्हणजे फाटणं गेलं आणि लुकलुक आली. मग व्हीएलसी प्लेअरमधून तेच चॅनेल लावलं आणि ‘यॅडिफ’ ही पद्धत निवडली. ती आधीच्या आणि पुढच्या फील्डकडं बघून ठरवते, की चित्राचा हा ठिपका हलला की स्थिर राहिला. स्थिर असेल तर दोन्ही फील्ड विणते, हलला असेल तर शेजारच्या ओळींवरून अंदाज बांधते. यासाठी प्रोसेसरवर भार पडतो, पण बाईंचं मशीन तो पेलणारं होतं. काठ शांत झाला, पट्टी वाचता यायला लागली. बाईंनी चष्मा नीट केला, पट्टीवरची बातमी मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, “हां, आता अक्षर अक्षरासारखं दिसतंय.”

तरीही पट्टी अजून पुरती गुळगुळीत नव्हती. ती किंचित झटके खात सरकत होती. हा वेगळा दोष, आणि दाते गेल्याशिवाय तो दिसूच शकत नव्हता. चित्रं येतात सेकंदाला ५०, मॉनिटर उजळतो ६० वेळा. पन्नास चित्रं साठ जागांवर बसवायची तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. असे सेकंदाला दहा अडखळे. क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा चेंडूमागं फिरतो तेव्हा सीमारेषा थरथरते, तिचं कारण हेच. दिंडीत दोन टाळकरी शेजारी उभे असावेत, दोघांचीही लय पक्की असावी आणि एकाची लय दुसऱ्याहून थोडी जलद असावी, तसं हे होतं. चूक कुणाचीच नाही आणि ठेका मात्र चुकतो.

यावर उपाय मॉनिटर बघून ठरवावा लागतो. एलसीडी असेल तर तो ५० हर्ट्झ घेतो का ते बघायचं. घेत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही, कारण दिवा सतत पेटलेला असल्यानं ५०वरही तो लुकलुकत नाही. तोच आकडा सीआरटीला दिला तर खोलीत बसवणार नाही. सीआरटीला १०० हर्ट्झ द्यायचा, म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा उजळतं. त्यासाठी रिझोल्यूशन थोडं उतरवावं लागतं, पण टीव्हीच्या ५७६ ओळींना ८०० बाय ६००चा पडदा पुरेसा असतो. एका घरी रामबाण ठरलेला आकडा शेजारच्या घरी डोकेदुखी ठरतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. म्हणून ‘अमुक सेटिंग करा, फ्लिकर जाईल’ असं कुणाला फोनवर सांगणं मी टाळत असे. त्याऐवजी विचारत असे, मॉनिटर जाड आहे की सपाट?

दुसऱ्या वाटेवरचा आणखी एक दोष थोडक्यात सांगतो. कॅमेरा आडवा फिरताना चित्र मधोमध आडवं कापल्यासारखं दिसतं, वरचा तुकडा एका क्षणाचा, खालचा पुढच्या क्षणाचा. मॉनिटर पडदा काढत असताना मध्येच ग्राफिक्स कार्डानं नवं चित्र पुढं केलं की असं होतं. ड्रायव्हरमध्ये व्हीसिंक सुरू केलं किंवा विंडोज ७च्या काळात मशीन जलद व्हावं म्हणून बंद केलेला एअरो हा देखावा पुन्हा चालू केला, की हे थांबायचं.

आता गच्चीची वाट. इथला बिघाड दिसायलाच निराळा असतो. चित्रात चौकोन पडतात, चेहऱ्याचा एखादा तुकडा हिरवा किंवा करडा होतो, आवाज तुटतो, चित्र थबकतं आणि पुढं उडी मारतं. जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, जितका सिग्नल कमी तितक्या जास्त. डिजिटलमध्ये तसं हळूहळू उतरणं नाही. उपग्रहाकडून माहिती १८८ बाइटच्या पुडक्यांनी येते. प्रत्येक पुडक्याला १६ जास्तीचे बाइट जोडलेले असतात आणि त्यांच्या आधारे ८ बाइटपर्यंतच्या चुका कार्ड स्वतःच दुरुस्त करून घेतं. तोवर चित्र निर्दोष असतं. नववा बाइट बिघडला की ते पुडकं वाया जातं. शिवाय एमपेग या डिजिटल पद्धतीत प्रत्येक चौकट पूर्ण पाठवत नाहीत. एक पूर्ण पाठवतात आणि पुढच्या बारा-पंधरा चौकटी बहुतेक फक्त फरकाच्या. त्यामुळे एका पुडक्याचा डाग पुढची पूर्ण चौकट येईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा सेकंद, पडद्यावर पसरत राहतो. काठावर उभा असलेला सिग्नल असा अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला कोसळतो आणि सावरतो. बघणारा त्यालाही लुकलुकच म्हणतो.

याच्यासाठी सॉफ्टवेअरमधले दोन आकडे वेगळे वाचायला शिकावं लागतं, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरमधून किती जोर येतोय. त्यात गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी म्हणजे त्यातलं किती कामाचं आहे. छत्रीवाला स्ट्रेंग्थ दाखवून जातो, चित्र टिकतं क्वालिटीवर. पुण्यातून दूरदर्शनच्या उपग्रहाकडं छत्री आग्नेयेला, बऱ्यापैकी वर तोंड करून लागते. तिची दिशा किंचित हलली किंवा समोरचं अशोकाचं झाड दोन वर्षांत वाढलं, तरी स्ट्रेंग्थ फारशी हलत नाही, क्वालिटी मात्र ढासळते. पावसाळ्यात केयू बँडच्या लहरी दाट सरीत शोषल्या जातात, तेव्हा आधीच काठावर असलेली क्वालिटी पहिल्याच सरीत जाते. म्हणून छत्री कोरड्या दिवशी ‘चालतंय’ एवढ्यावर सोडायची नाही, क्वालिटी जितकी वर जाईल तितकी नेऊन मगच नटबोल्ट आवळायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. ठरावीक वेळेला काही मिनिटं चित्र जातं आणि आपोआप येतं. तेव्हा कुणी कशालाही हात लावू नये.

गच्चीवर मी सगळ्यात आधी वायरीच्या टोकाचा एफ-कनेक्टर काढून बघायचो. वायर सोलताना जाळीची एखादी केसाएवढी तार मधल्या तांब्याला चिकटलेली असते. नाहीतर कनेक्टरवर रबरी टोपी नसते, पावसाचं पाणी आत उतरतं आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. अशा वायरीचं टोक बोटभर कापून नव्यानं सोलायचं, नवा कनेक्टर पिळून बसवायचा आणि वायरीला खाली झुकणारा एक वेढा द्यायचा, म्हणजे पाणी कनेक्टरकडं न जाता वेढ्यातून खाली गळतं. एवढ्या कामानं जितकी घरं सुधारली तितकी कुठल्याच महाग वस्तूनं सुधारली नसतील.

दोष सांध्यात असतो, हे मला सर्वांत ठसठशीत दिसलं ते कोथरूडच्या एका सोसायटीत. तिथल्या काकांचं चित्र दिवसातून काही वेळा चौकोन होऊन कोसळायचं. छत्री नवी, वायर नवी, कार्डही बदलून मिळालेलं. रेकॉर्डिंगमध्ये बिघाड उमटत होता, म्हणजे आकडेच बिघडत होते. मी काकांना एक वही ठेवायला सांगितली. चित्र कोसळलं की वेळ लिहायची, बाकी काही करायचं नाही. काकांनी ती नोंद बँकेच्या खतावणीसारखी काटेकोर ठेवली. वहीतल्या वेळा सकाळी आणि संध्याकाळी एकाच सुमाराला येत होत्या. काकूंनी ती वही पाहिली आणि लगेच म्हणाल्या, “ही तर पाण्याची मोटर लावायची वेळ.”

वॉचमनला मोटर लावायला सांगितली. मोटरचा गुरगुराट झाला, ट्यूबलाइट क्षणभर मंदावली आणि पडद्यावर चौकोन पडले. छत्रीच्या तोंडाशी सिग्नल टिपून वायरीत सोडणारा एलएनबी असतो. त्याला लागणारी वीज त्याच वायरीतून कार्ड पुरवतं, एका ध्रुवीकरणासाठी १३ व्होल्ट, दुसऱ्यासाठी १८. आणि कार्ड ती वीज घेतं कॉम्प्युटरच्या एसएमपीएसकडून, म्हणजे त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून. मोटर सुरू होताना व्होल्टेज बसायचं, एसएमपीएसचे कपॅसिटर जुने होऊन फुगलेले असल्यानं तो ती घट भरून काढू शकत नव्हता, आणि तळमजल्यावरच्या मोटरीचा धक्का गच्चीवरच्या एलएनबीपर्यंत पोचत होता. कॉम्प्युटर बंद पडण्याइतकी ती घट मोठी नव्हती, म्हणून एसएमपीएसवर कुणालाच संशय आला नव्हता. तो बदलला आणि चित्र स्थिर झालं. तो दोष मी शोधला असं मी म्हणणार नाही. काकांच्या वहीनं आणि काकूंच्या घरच्या वेळापत्रकानं तो शोधला. घराची नाडी घरातल्या माणसांनाच माहीत असते, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसानं ती त्यांना विचारली पाहिजे.

सगळं बरोबर असूनही एक दोष उरतो आणि तो मला या विषयातला सर्वांत सुंदर दोष वाटतो. छत्री उत्तम, डीइंटरलेसिंग उत्तम, मॉनिटर ५० हर्ट्झवर, आणि तरी दर काही मिनिटांनी पट्टी एकदाच ठेच खाते. डीव्हीडी चालवली तर तसं काही होत नाही. फरक असा, की डीव्हीडी कॉम्प्युटर आपल्या सवडीनं वाचतो. स्वतःच्या घड्याळाप्रमाणं पुढची चौकट मागतो. प्रक्षेपण आपल्या सवडीला थांबत नाही. केंद्रावरच्या घड्याळानं ते चालतं आणि ते घड्याळ सिग्नलमध्ये सतत खुणा करत येतं. इकडं ग्राफिक्स कार्डाच्या घड्याळाचा स्फटिक वेगळा, साउंड कार्डाचा वेगळा. दोन स्फटिकांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असणं यंत्रांच्या जगात अगदी सामान्य आहे. पण त्या फरकानं ४०० सेकंदांत २० मिलिसेकंद साचतात, म्हणजे बरोबर एक चित्र. साधारण साडेसहा मिनिटं झाली, की एक चित्र गाळावं लागतं किंवा एक दोनदा दाखवावं लागतं. चांगला प्लेअर आवाज कानाला न कळेल इतका ताणून किंवा आवळून ही गाठ सैल करतो, पण फरक मुळातून जात नाही. टीव्हीच्या संचात हा प्रश्न येत नाही, कारण त्याचं घड्याळ येणाऱ्या सिग्नललाच बांधलेलं असतं. कॉम्प्युटर स्वतंत्र आहे आणि ही त्या स्वातंत्र्याची किंमत आहे. ज्यांना हा दोष दिसला त्यांना मी तो समजावून सांगत असे आणि इथं दुरुस्तीची हद्द संपते, हेही स्पष्ट सांगत असे. कारण कळलं की माणूस तो दोष सहन करतो. न कळलेली छोटी ठेचसुद्धा माणसाला नवी वस्तू विकत घ्यायला लावते.

पीसीआय कार्डं आता दुकानांत दिसत नाहीत. पण दोष गेलेले नाहीत. आजही आपल्याकडचं क्रिकेट सेकंदाला ५०च्या चालीनं टिपलं जातं आणि मोबाइल, लॅपटॉपचे पडदे ६० किंवा १२० हर्ट्झचे असतात. पन्नासनं दोघांनाही पूर्ण भाग जात नाही. लॅपटॉपवर थेट सामना लावला की फिरत्या कॅमेऱ्याबरोबर सीमारेषा तशीच थरथरते. नेटवाला स्पीड टेस्ट दाखवतो, लॅपटॉपवाला नवा प्रोसेसर सुचवतो. दोघांचीही वस्तू चांगली असते. त्यांच्यामधल्या जागेकडं मात्र कुणी बघत नाही.

माझ्याकडं काम शिकायला मुलं यायची. त्यांना मी हत्यारं उशिरा हातात द्यायचो. आधी काही दिवस नुसतं सोबत यायचं आणि ग्राहक काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग बघायचं. टीव्ही बंद असताना होतं का, रेकॉर्डिंगमध्ये उमटतं का, स्थिर चित्रात होतं की हलत्या, दिवसाच्या कुठल्या वेळी होतं. आणि बदल करायचा तो एका वेळी एकच, नाहीतर बरं कशानं झालं ते कळत नाही आणि पुढच्या घरी त्याचा उपयोग होत नाही. यातलं एकही पाऊल टाकायला पैसा लागत नाही, लागतो तो वेळ. छत्रीवाला, कार्डवाला, कॉम्प्युटरवाला यांच्याकडं तो नसतो, कारण प्रत्येकाचं काम त्याची वस्तू निर्दोष ठरली की संपतं. दुरुस्ती करणाऱ्याचं काम तिथून सुरू होतं. सगळ्या वस्तू निर्दोष ठरल्या, म्हणजे आता सांधा शोधायचा, आणि तो सापडेपर्यंत ती जबाबदारी आपली मानायची. या धंद्यात मला मान मिळाला असेल तर तो ही जबाबदारी घेतल्याचा, आणि नव्यानं या कामात येणाऱ्या प्रत्येकानं ती घ्यावी असं मला मनापासून वाटतं.